अष्टमीची बोट

बाबा, तू मला समुद्र तिथीवरून शिकवलास आणि मी या वयात त्याच्यावर विसंबून बसले. हे सांगायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून तुला लिहितेय. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायासारखं. चालवून घे.

ते मिठागर मला अजून दिसतं. दिवाळी सरलीय, थंडी पडायला लागलीय आणि तू बांधावर उकिडवा बसून अर्धी बिडी विझवून कानावर ठेवतोस. पुनवेचं पाणी खाडीतून वर चढत येतं. तू बांधातल्या दाराची, उघाडीची फळी उचलतोस, पाणी आत घेतोस, पुरेसं झालं की फळी पुन्हा खाली टाकतोस. फळीवर बाहेरून पाण्याच्या थपडा बसतात. मी लहान आहे, तुझ्या मागे लपून म्हणते, बाबा, दर्या चिडलाय. तू मान न वळवता मला झापतोस. "दर्याला चिडायला काय झालंय? त्याला तिथी असते. पुनवेला-अवसेला भरतो, अष्टमीला भांग पडतो, ना धड चढत ना धड उतरत. एवढं ध्यानात ठेव, मग भ्यायचं काम नाय." आपल्याकडे कॅलेंडर नव्हतं. तू चंद्राकडे एकदा बघायचास आणि उद्या पाणी कधी येणार ते सांगायचास, आणि ते यायचं. मालक मोटारीतून यायचा, तोही तुलाच विचारायचा. मग मी का नाही विश्वास ठेवणार?

तुझा जावई तुला आठवत असेल. लग्नाच्या पंगतीत ज्याने मान वर केली नाही तो. त्याने सगळी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर काढली आणि आम्ही सगळा संसार तिथल्याच बुवापाड्यात. माणूस अजून तसाच आहे. भाजी खारट झाली तरी खातो, अळणी झाली तरी खातो, मी विचारलं तर म्हणतो ठीक आहे. मला पुष्कळदा वाटायचं, याने एकदा ताट भिरकावावं. ते काही झालं नाही. आता त्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतो, आतली नस वाळत चाललीय, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती टिकेल सांगता येत नाही. आधी बाजूचं गेलं. समोरचा माणूस दिसतो, त्याच्या शेजारी बसलेला दिसत नाही. ताटातला भात दिसतो, डाव्या हाताची चटणी दिसत नाही. मी चटणी भातावर घालायला लागले.

तुझी नात बदलापूरला सोनिवलीत राहते, सातव्या मजल्यावर, नवी इमारत. एका रविवारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो होतो. ती पोहे परतत होती, मी तिचं पाणी कमी पडलं म्हणून तिला बोलत होते, आणि मध्येच हा म्हणाला, "मला एकदा असं पाणी बघायचंय, ज्याला पलीकडचा काठ नाही." मी म्हटलं, "बादली आणू?" तो हसला नाही. म्हणाला, "चौपाटीला बघितलं, अलिबागला बघितलं. कुठूनतरी जमीन मध्ये येतेच. चारी बाजूंनी नुसतं पाणी बघायचंय. दिसतंय तोवर." तुझ्या नातीने गॅस बंद केला. मी पोह्यांकडे बघत राहिले. ज्या माणसाने जन्मात लोणचं मागून घेतलं नाही, त्याने हे मागितलं. मला भीतीच वाटली.

मग तुझ्या नातीने ते बोटीचं काढलं. तिच्या ऑफिसातले लोक जातात म्हणे. मुंबईहून निघायचं, दोन रात्री भर समुद्रात राहायचं, कुठे उतरायचं नाही, परत यायचं. थंडीत जातात, कारण पावसाळ्यात बंद असतं. उल्हासनगरात तिच्या ओळखीचा एक एजंट आहे, त्याच्याकडे आम्ही तिघं गेलो. एका गल्लीत, वर जीन्स शिवायच्या मशिनी धडधडतात आणि खाली ह्याचं दुकान, टेबलामागे सिंधी लोकांच्या माशावर बसलेल्या देवाची तसबीर, तिला रोज ताजा हार. मला तो देव बरा वाटला. माशावर बसायचं म्हणजे पाण्याची सवय असणार.

"अम्मा, ये बोट नहीं है, चलता-फिरता हॉटेल है," एजंट म्हणाला. "खाना, नाच-गाना, सब अंदर."

"आणि वाटेत दिसतं काय?"

"बाहर? बाहर कुछ नहीं अम्मा. पानी."

"तेच पायजे," माझा म्हातारा म्हणाला.

तारखा दोन होत्या. तुझ्या नातीने मोबाइलवर तिथ्या काढून दिल्या. एक मार्गशीर्षातली पौर्णिमा, दुसरी त्यानंतरची अष्टमी. एजंट म्हणाला, "पूनम वाली ले लो अम्मा. चाँद एकदम थाली जैसा. पब्लिक माँगती है वो."

मी म्हटलं, "पुनवेला उधाण असतं. माझ्या बाबाचं मिठागर होतं, मला शिकवू नको." मिठागर मालकाचं होतं, पण ते ह्याला सांगायची गरज नव्हती.

"आई, केवढी मोठी बोट असते ती. भरती-ओहोटीने तिला काय फरक पडतो?"

"तू सातव्या मजल्यावर राहतेस. तुला पाणी माहीत नळाला येतं तेवढं."

एजंट हसला. म्हातारा तेवढ्यात हळूच म्हणाला, "पुनवेला उजेड असेल गो. मला जरा बरं दिसेल." मी म्हटलं, "ओकत बसाल तर उजेडाचं काय करणार?" तो म्हणाला, "ठीक आहे." अष्टमी ठरली.

पुढचे दिवस मी तयारीत घालवले. त्याची कानटोपी धुतली, माझ्या शालीला काठ लावला. नारळ आणला. समुद्राला नारळ दिल्याशिवाय आपल्यातलं कोणी पाण्यावर पाय ठेवत नाही, हे तुझ्याच घरातलं. एजंटला फोन करून विचारलं तर म्हणाला, बाहेरचं काही नेता येत नाही, नारळही नाही, मशीनमध्ये पकडतील. मी विचारलं, "नारळात काय बॉम्ब असतो?" तो घाबरून म्हणाला, "अम्मा, ये वर्ड उधर मत बोलना, प्लीज." मी नारळ शालीत गुंडाळला आणि बॅगेच्या तळाला ठेवला. पकडला असता तर पुढचं पुढे.

पौर्णिमेची बोट गेली आणि आली. एजंटने तुझ्या नातीला तिचा व्हिडिओ पाठवला, म्हणाला अम्मांना दाखवा, डर निकल जाएगा. पाणी असं होतं बाबा, की परातीत पीठ कालवायला घेतल्यावर सुद्धा त्यापेक्षा जास्त हलतं. चंद्र वर, खाली त्याचा पट्टा. बाया कठड्याला टेकून आइस्क्रीम खात होत्या. म्हाताऱ्याने मोबाइल नाकापाशी धरला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. "पांढरं आहे काहीतरी," म्हणाला. मी म्हटलं, "आपण जाऊ तेव्हा याहून शांत असेल."

आणि मग वारा सुटला. कुठेतरी लांब समुद्रात हवेचा दाब कमी झाला, असं टीव्हीवर दाखवत होते, एक भोवरा गोल गोल फिरत होता आणि एक मुलगी त्याच्याकडे हात करत होती. इकडे बुवापाड्यात दोरीवरचे कपडे हलत नव्हते. मी म्हटलं, काही होत नाही, उद्या अष्टमी आहे. निघायच्या दिवशी सकाळी बॅगा दारात होत्या, म्हातारा नवा शर्ट घालून खुर्चीत बसला होता, आणि तुझ्या नातीचा फोन आला. बंदरावर धोक्याचा बावटा लावलाय. छोट्या-मोठ्या सगळ्या बोटींना बंदी. पुढची सूचना येईपर्यंत कोणी निघायचं नाही. म्हाताऱ्याने ऐकलं. तो उठला, आत गेला आणि शर्ट काढून हँगरला लावला. बटणं नीट लावून.

मी त्या बोटवाल्यांच्या नंबरवर फोन केला. एक बाई बोलायला लागली, तिला मी बरंच सुनावलं. ती थांबायचीच नाही. आमचा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं म्हणत राहिली. टेप आहे हे मला उशिरा कळलं. तरी मी वाक्य पुरं केलं.

मग दुसऱ्या दिवशी रिक्षा करून उल्हासनगरला गेले, एजंटला झाडायला. त्याच्या दुकानात अजून चारजण माझ्यासारखेच उभे होते. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "अम्मा, मैं क्या करूँ? हवा मेरे हाथ में है क्या?" मी म्हटलं, "अष्टमी होती रे. अष्टमीला पाणी गप असतं." तो म्हणाला, "अम्मा, वो तिथी का पानी अलग. लहर तो हवा से उठती है ना. चाँद का उसमें क्या है?" साध्या आवाजात म्हणाला. वर मशिनी चालू होत्या. तिकिटं विकणारा माणूस, ज्याच्या सात पिढ्यांत कोणी बांध बघितला नसेल. मी चहा पिऊन उठले.

घरी येताना विचार केला बाबा. तू बोटीत कधी बसलास? कधीच नाही. पलीकडच्या गावचे कोळी जायचे, तू त्यांना वेडे म्हणायचास. तुझ्यापाशी जे पाणी यायचं ते खाडीतून वळसे घेऊन, चिखलात घासत, दमून यायचं. त्याला तिथी होती. ते तुला बोटाच्या पेरांवर पाठ होतं, त्यात तुझी चूक एकदाही झाली नाही. पण खाडीच्या तोंडाबाहेर काय असतं, ते तुला माहीत नव्हतं. आणि तू मला तसं कधी सांगितलंही नाहीस, मीच ते तेवढं लांब नेलं. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, कुठे सोडू?" तेव्हा बुवापाडा मागे पडला होता.

बावटा उतरला. पुढच्या बोटीत जागा देतो म्हणाले, पण आता एक नवीन होतं. म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरची चिठ्ठी लागणार, प्रवासाला हरकत नाही अशी. डॉक्टरने डोळ्यांत बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. दाब वाढलाय, म्हणाला, आधी ऑपरेशन, मग पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, धक्का नको, खारा वारा नको. मी म्हटलं, "चिठ्ठी द्या, आम्ही परत आल्यावर करू." तो म्हणाला, "आजी, मी चिठ्ठी दिली आणि तिकडे काही झालं तर?" त्याचंही बरोबर. हीच तर गोम आहे बाबा, सगळ्यांचंच बरोबर आहे. जन्मभर मला भांडायला कोणीतरी सापडायचं, नळावर, रेशनला, शाळेत. ह्यात कोणी सापडेना. बंदरवाल्याने बावटा लावला तो आम्ही बुडू नये म्हणून. वाऱ्याला काय बोलणार?

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतो व्यवस्थित झालं. व्यवस्थित म्हणजे एवढंच की दुखत नाही. जे मधलं उरलं होतं तेही आता विरत चाललंय. काल त्याने मला हाक मारली तेव्हा मी त्याच्या समोरच उभी होते. तुझी नात म्हणते, पुढच्या थंडीत जाऊ, पक्कं. तो म्हणतो, "हो, जाऊ." ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. नारळाची मी चटणी केली. ठेवून कुजवण्यात काय अर्थ.

त्याने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. उजेड असेल म्हणालो होतो, एवढं म्हणाला असता तरी मी चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. तो रेडिओ लावतो आणि बसतो.

आता एक तुला सांगते आणि हे पान चुलीत जाऊ दे. त्या दुकानात एजंट "बाहर कुछ नहीं, पानी" म्हणाला ना, तेव्हा मी त्याच्या टेबलाची कड घट्ट धरली. मला पोहता येत नाही. जमीन दिसत नाही अशा ठिकाणी मी जन्मात कधी उभी राहिले नाही. म्हाताऱ्याला ओकारी होईल ह्याची मला काही पडली नव्हती, तो ओकला असता आणि ठीक आहे म्हणाला असता. मी घाबरले होते. कोणापुढे कबूल करायचं नव्हतं म्हणून तुझी अष्टमी पुढे केली.

हे सगळं मी त्याच्या समोर टेबलावर बसूनच लिहितेय. आत्ता त्याने विचारलं, "मघापासून काय खरडतेस?" मी म्हटलं, "वाणसामानाची यादी." तो म्हणाला, "एवढं?" मग रेडिओचा आवाज कमी करून म्हणाला, "अंगाचा साबण लिही, चिपटी उरलीय."

लिहिते. साबण.