हलका स्वार

३ ऑगस्ट

जिबेकचा ताप उतरला — आठ दिवसांनी! यंदा कुरणावरच्या सगळ्याच पोरांना सर्दी-ताप होता. नातीला मेंढ्यांच्या काट्यावर बसवली. सत्तावीस किलो. आधी एकतीस होती. चार किलो फुकटात गेले! शेजारचा कादिर शर्यतीआधी नातवाला पंधरा दिवस नुसत्या चहावर ठेवतो, तेव्हा कुठे दोन उतरतात. सूनबाईला म्हटलं, "तोरू दुवा देईल गं पोरीला. एवढा हलका स्वार कुठल्या घोड्याला मिळतो?" ती चुलीत गोवऱ्या कोंबत राहिली.

शर्यत एकतीसला. बावीस किलोमीटर. गेल्या वर्षी कादिरचा घोडा पहिला, आम्ही दुसरे. मी एकाहत्तरचा. आणखी किती घोडे तयार करणार?

६ ऑगस्ट

तोरू: उभा असताना ठोके छत्तीस. घाम चाखला — अजून खारट. अंगात चरबी आहे. चारा कमी करायचा.

९ ऑगस्ट

पोर दमते. अर्ध्या टेकडीवरच उतरून बसली. म्हणे पोटात दुखतं.

सूनबाईला निमित्तच हवं होतं. "अता, नर्स म्हणाली होती, तापानंतर काही दिवस हिला दमवू नका."

"दमतो घोडा. ही नुसती बसते," मी म्हटलं.

बारा वर्षांत तिने मला उलट उत्तर दिलेलं नाही. आमच्यात सून सासऱ्याचं नावही घेत नाही — हाक मारायची तर 'अता', वडीलधाऱ्यांना म्हणतात ते; कुणी विचारलं तर ही मला 'घरातले थोरले' म्हणते. मुलगा रशियात कामाला, सगळा संसार हिच्यावर. चांगली आहे. भित्री आहे, एवढंच.

१४ ऑगस्ट

तोरू: दौडीनंतर एकशे वीस, दहा मिनिटांत पंचावन्न! वा रे पठ्ठ्या! छातीला कान लावून किती वेळ उभा राहिलो. घाम आता पाण्यासारखा.

१९ ऑगस्ट

लिहू की नको? कुणाला तरी सांगायला हवं, तर वहीलाच सांगतो.

ओढ्यापाशी जिबेक घोड्यावरून घसरली. पडली म्हणता येणार नाही — पोतं घसरावं तशी घसरली. ओठ निळसर. मी दहा मोजले तरी डोळे उघडेनात. तोंडावर पाणी मारलं. उठली, हसली. "अता, आईला नका ना सांगू! ती मला बसूच देणार नाही. मग कादिर अताचा नातू जिंकेल."

नाही सांगत, म्हटलं.

ऊन होतं. पोटात काही नव्हतं तिच्या. त्यानेच झालं असणार. दुसरं काय?

२० ऑगस्ट

झोप नाही. उगाच.

२५ ऑगस्ट

सूनबाईने मेंढीचा रस्सा दिला, पोरीने ओकून टाकला. मी म्हटलं, "बरंच झालं, पोट रिकामं हवं." सूनबाईने पळी अशी आपटली की कुत्रं बाहेर पळालं!

पोर फिकी दिसते. जिथे बसेल तिथे डोळे मिटते. तोरूचं असं काही दिसलं असतं तर एव्हाना मीच त्याला शर्यतीतून काढला असता.

हे कशाला लिहिलं मी? सहा दिवस राहिलेत!

३१ ऑगस्ट. दवाखान्याच्या बाकावर

लिहिलं नाही तर वेड लागेल.

मैदानावर सकाळी सगळा गाव. जिबेकच्या पाठीवर सातचा आकडा. मी तिला उचलून तोरूवर ठेवली. वळतो तर सूनबाई! गर्दीतून आली आणि लगाम धरला.

"तुर्दाकुन! पोरीला खाली उतरवा."

माझं नाव! चारचौघांत! कादिरच्या हातातलं घोडीच्या दुधाचं कुमीस सांडलं. मागून कुणी खिदळलं — "थोरल्यांची सून बिथरली रे!" मी हात उगारला. खोटं कशाला लिहू? उगारला होता.

ती जागची हलली नाही. "मारा हवं तर. पण आधी घोड्याला लावता तसा कान हिच्या छातीला लावा. एकदाच."

तिला गप्प करायला म्हणून पोरीला खाली घेतली आणि कान लावला.

पोर माझ्या मांडीवर स्वस्थ बसलेली — आणि आत दौड चाललेली! दोन टापांची नाही, तीन टापांची. तड-तड-तड, तड-तड-तड, विसावा म्हणून नाही. पन्नास वर्षं छात्यांना कान लावतोय. असा घोडा मी ओढ्यापर्यंत चालतसुद्धा नेऊ दिला नसता. आणि हिला बावीस किलोमीटर!

गाडी कादिरने काढली. त्याचा नातू रांगेत उभा होता, तरी म्हातारा शर्यतीला थांबला नाही. "बस, बडबडू नकोस," म्हणाला. मी कुठे बोलत होतो!

१ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच सर्दी-तापाचा विषाणू. बहुतेक पोरं बरी होतात, एखाद्याच्या हृदयाला सूज येते. अशा हृदयाला दमवलं तर ते थांबूही शकतं.

थांबूही शकतं! केवढ्या सहज म्हणाल्या.

आत जाऊ देत नाहीत. काचेतून यंत्रावरचा आकडा दिसतो. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे चव्वेचाळीस. पुन्हा एकशे पन्नास. दोन दिवस कठीण आहेत म्हणे. वाचली तरी सहा महिने घोडा नाही, पळणं नाही. घोड्याचं नाव कोण काढतंय! नुसती उठून बसू दे.

कादिरचा नातू जिंकला म्हणे. जिंकू दे.

बाईंनी विचारलं, "मध्ये कधी बेशुद्ध पडली होती? नीट आठवा. त्यावर पुढचं ठरवायचंय."

सूनबाई म्हणाली, "नाही. रोज अतांच्या नजरेसमोर होती. पडली असती तर त्यांनी सांगितलं असतं."

मी टोपी कुस्करत बसलो. बाई आत गेल्या.

१ सप्टेंबर, दहा मिनिटांनी

सूनबाई — नुरझात — ही वही तुझ्या हातात देतो आहे. एकोणीस तारखेचं पान आधी डॉक्टरांना दाखव. पळत जा. बाकीचं मग तू वाच.