पात्याखालची खुर्ची

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, जि. अमरावती.

अर्जदार : देवमन पुंजाजी इंगळे, धंदा शेती, मौजे खिरपाणी, परतवाड्याच्या वर.

विषय : पोळ्याच्या पाहुण्यांची खुर्ची पवनचक्कीच्या बरोबर खाली मांडू देणेबाबत.
संदर्भ : पवनचक्की कंपनीचे अर्जदारास आलेले पत्र, जुलै २००८.

महोदय,

१. मागच्या पोळ्याला कंपनीचे व्यवस्थापक श्री. अनिरुद्ध देवस्थळी गावाचे पाहुणे होते. तोरणाखाली अर्जदाराचा बैल हिऱ्या मानाने पहिला उभा होता. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून गावाला समजावले की, चक्कीचे पाते काचेच्या धाग्यांचे थर राळेत बसवून केलेले आहे, ते वाकेल पण पंचवीस वर्षे तुटणार नाही, खाली खुशाल गुरे बांधा. गाव भोळे, अर्जदार त्याहून भोळा. उन्हाळ्यात शिवारात दुसरी सावली नसल्याने त्याने हिऱ्याला तिथेच बांधले.

२. वैशाखातल्या वादळात पात्याचे थर कांद्यासारखे सुटले आणि अर्धे पाते खाली आले. हिऱ्या जागीच गेला. अर्जदार त्या दिवशी लेकरासारखा रडला, हे लिहिण्याची त्याला लाज वाटत नाही.

३. कंपनीने देवस्थळी साहेबांच्या सहीच्या संदर्भीय पत्राने कळविले की, सदर पाते प्रयोगशाळेत तपासलेले असून ते तुटणे अशक्य आहे. सबब ते तुटलेले नाही व बैल अन्य कारणाने मेला असावा. त्या न तुटलेल्या पात्याचे तुकडे अजून अर्जदाराच्या वावरात पडून आहेत. ते सडत नाहीत. कंपनीही उचलत नाही, कारण उचलले तर तुटल्याचे कबूल केल्यासारखे होईल.

४. यंदाही पाहुणे देवस्थळी साहेबच आहेत. त्याच चक्कीला त्याच मालाची दोन पाती अजून लटकत असून वारा सुटला की करकरतात. बैलांचे तोरण नेहमीच्या जागीच राहील. फक्त साहेबांची खुर्ची तेवढी चक्कीखाली मांडू द्यावी. अर्जदाराची पत्नी पार्बताबाई म्हणते, "त्याले तिथं बसू द्या एक डाव, मंग आमीबी मानू." सत्कारासाठी हिऱ्याची घुंगुरमाळ घासूनपुसून तयार आहे.

५. यात सूड आहे असे कोणी आपल्या कानी घातल्यास ते खरे आहे. परंतु साहेबांच्याच लेखी म्हणण्याप्रमाणे तिथे जिवाला धोका नाही, तेव्हा त्यांची हरकत नसावी. हिऱ्याला कोणी विचारले नव्हते. साहेबांना रीतसर विचारले जावे, एवढ्यासाठी हा अर्ज.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,
देवमन पुंजाजी इंगळे
दि. १८ ऑगस्ट २००८

सोबत :
१. कंपनीचे पत्र.
२. पात्याचा हातभर तुकडा, न तुटलेला.