शेपटीखालचा रंग

आई, तुला एका होल्याबद्दल विचारायचं होतं, आणि विचारायला तू नाहीस याचा मला सध्या दुःखापेक्षा वैतागच जास्त येतोय. इथे कॅनडात, किचनरला आमच्या घरामागच्या डेकवर गेले काही दिवस एक अनोळखी होला येतोय. इथला नेहमीचा होला तपकिरी, सडपातळ, पंखांवर काळे ठिपके, शेपटी लांब आणि टोकाकडे निमुळती. हा तसा नाही. दूध जास्त पडलेल्या चहासारखा फिकट, शेपटी टोकाला सरळ कापल्यासारखी, मानेच्या मागे काळी अर्धी रेघ. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. हा आपला पठाणी होला. जळगावला गच्चीवरून तू उन्हाळाभर ज्याला हाकलायचीस, तोच. इतक्या वर्षांत या देशात कुणी ओळखीचं आपणहून माझ्या दारात आलं नव्हतं.

इथल्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर मी मोठ्या तोऱ्यात फोटो टाकला. ग्रुप सांभाळणारे एक रिटायर्ड गृहस्थ आहेत. अतिशय सभ्य, आणि त्या सभ्यपणाचाच मला त्रास होतो. त्यांनी कळवलं की पठाणी होला या भागात क्वचितच दिसतो, हा कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला पाळीव होला असायची शक्यता जास्त. दोघे बरेच सारखे दिसतात. शेपटीच्या खाली, पोट संपतं तिथे राखाडी असेल तर रानातला, पांढरं असेल तर पाळीव. तसा फोटो आहे का? नव्हता. पाळीव म्हणे. मी ते वाचून फोन सोफ्यावर आपटला.

मग मी जॅकेट चढवून, कॅमेरा घेऊन डेकच्या पायरीवर बसायला लागले. हालायचं नाही, बोलायचं नाही, हा इथला शिरस्ता. होला यायचा, कठड्यावर बसायचा, दाणे टिपायचा आणि माझ्याकडे पाठ करून ऊन खायचा. शेपटीखालचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. वीकेंडला मुलगी आली होती. म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट अ डव्ह." मी म्हटलं, "जस्ट कसा? आजीला विचारलं असतंस तर कळलं असतं." ती म्हणाली, "बट शी इजंट हिअर," आणि आत गेली. तिचं काही चुकलं नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

तुझी पद्धत मला चांगली आठवते. गच्चीवर जुन्या लुगड्यावर ज्वारी पसरली आहे. तू नुकतीच शाळेतून आली आहेस, विज्ञानाच्या पेपरांचा गठ्ठा पाण्याच्या टाकीवर ठेवला आहेस. मी म्हणते, "आई, तो बघ, तांबडा होला." तू बघतसुद्धा नाहीस. "कशावरून?" "तांबडा वाटला." "वाटलं ते मला सांगू नकोस, दिसलं ते सांग. बसलेला होला काहीही बनतो." आणि तू जोरात टाळी वाजवतेस. सगळे फडफडत आपल्या डोक्यावरून जातात, शेपट्या पसरतात, आणि तू वर्गाची हजेरी घेतल्यासारखी एकेकाचं नाव सांगतेस. माझा तांबडा होला साधा ठिपकेवाला निघतो. मी रुसून जिन्यात जाऊन बसते. तू समजूत काढायला येत नाहीस. ज्वारी उलथत राहतेस.

काल मी कॅमेरा खाली ठेवला आणि उठून उभी राहिले. हे दारातून म्हणाले, "अगं, काय करतेस? इथे बर्ड्सना असं डिस्टर्ब करत नाहीत. नेबर्स बघतायत."

"बघू देत. माझ्या आईची पद्धत आहे."

"आईची गच्ची होती. हा सबर्ब आहे."

मी टाळी वाजवली. होला दचकून उठला, थेट माझ्या डोक्यावरून शेजारच्या मेपलकडे गेला, आणि जाताना त्याने शेपटी पूर्ण पसरली. खाली पांढरं होतं. स्वच्छ, पोटापासून शेपटीपर्यंत, शंकेला जागाच नाही.

"दिसलं का?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ऊन डोळ्यांवर आलं." त्या गृहस्थांनाही मी अजून काही कळवलेलं नाही.

आता पानं गळायला लागली आहेत. त्याने बर्फ पाहिला नसणार. मी दाणे वाढवून ठेवले आहेत, आणखी काय करू शकते? कुणाच्या तरी घरातलं दार उघडं राहिलं आणि हा बाहेर पडला, एवढीच त्याची गोष्ट. जळगावशी त्याचा काडीचा संबंध नाही. तू शिकवलं नसतंस तर मला हे कळलं नसतं. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिले असते की आमच्याकडे पठाणी होला आला होता, आणि त्यात कुणाचंही काही बिघडलं नसतं. एकदा, एकदाच मला जे वाटलं ते तू वाटू दिलं असतंस तर काय झालं असतं, आई? लहान होते गं मी.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. तू गेल्यापासून तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात, मीही बोलते. त्या नादात तुझ्याशी भांडायचंच राहून गेलं होतं. आज भांडले. बरं वाटलं.