नाकारलेल्या लूपचं कारण

३ नोव्हें., सोम.
पॅच (कोडमधला माझा बदल) परत आला. तिसऱ्यांदा. देवधरांचा शेरा एका ओळीचा: "काम चांगलं आहे, पण घाई नाही." पुण्यात बसून माझा लीड म्हणवणाऱ्या माणसाला घाई कशाला असेल?

दुपारी एचआरचं पत्र. १ जानेवारीपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात. घरून काम बंद. सवलत फक्त 'विशेष कामगिरी' असलेल्यांना. नावं लीडने द्यायची, यादी २८ ला. म्हणजे मी डहाणूत राहणार की नाही हे देवधरांच्या एका ओळीवर. आणि त्यांच्या ओळी कशा असतात ते वर लिहिलंच आहे.

गिरीशला सांगितलं. वह्या तपासत होता. "बरं" म्हणाला. लाल पेन खाली ठेवलं नाही.

तो नऊ वर्षं गडचिरोलीला जि.प.च्या शाळेत, दरवर्षी बदलीचा अर्ज. गेल्या वर्षी जूनमध्ये तलासरी मिळालं. लग्नाला आठ वर्षं झाली, त्यातलं एका घरात दीड. बाकी दिवाळी, मे महिना आणि फोन. मूल हवं की नको हे ठरवायलाही आधी एका घरात राहावं लागतं. आता तो आलाय तर मी निघायचं.

५ नोव्हें., बुध.
आईंनी (सासूबाई, पण मी आईच म्हणते) आज विचारलं, "दिवसभर काय टकटक करतंस गो?"

सांगायचा प्रयत्न केला. लोक प्रोग्रॅम लिहितात, कंपायलर तो मशीनच्या भाषेत उतरवतो. एकच काम हजार वेळा करायचं असेल तर तो लूप. आमचा भाग प्रत्येक लूप तपासतो, चार-चार फेऱ्या एकदम उरकता येतील का बघतो. जमलं तर काम झटपट. नाही जमलं तर लूप जसाच्या तसा सोडून देतो आणि छापतो: 'लूप अपात्र'. इंग्रजीत छापतो, पण अर्थ हाच. का अपात्र, ते नाही. मग आमचेच लोक दोन-दोन दिवस डोकं आपटत बसतात. माझ्या पॅचने तो कारण सांगेल. कुठली ओळ, कुठली किंमत, काय अडलं.

"मंग आदी का नाय सांगत होता?"
"कुणी सांगायला लावलं नाही म्हणून."

आईंना पटलं. देवधरांना तीन महिन्यांत पटलेलं नाही.

स्वतःशी खरं लिहायचं तर पॅच सुरू झाला तो गिरीशमुळे. बदलीच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे वर्षानुवर्षं एकच शब्द यायचा, अपात्र. जोडीदार खाजगी नोकरीत म्हणून? सेवा कमी म्हणून? कागद कमी म्हणून? कुणाला विचारावं तर "सिस्टिमने काढलंय". ज्याने ती सिस्टिम लिहिली तो कुठेतरी माझ्यासारखाच चहा पीत बसलेला असणार. तेव्हा ठरवलं, माझ्या हातात असेल तिथे तरी असं होऊ देणार नाही. मोठी समाजसुधारक!

९ नोव्हें., रवि.
सकाळी आईंबरोबर बोंबील टांगायला. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी काठीवर टाकायची. हाताला काटे, नाकाला वास. तीन तास ऑफिसचा विचार नाही.

गिरीश मधेच म्हणाला, "मी बिनपगारी रजा टाकतो. येतो पुण्याला."
"किती दिवस?"
"बघू."
"बघू म्हणजे? नऊ वर्षं भांडून मिळालेली शाळा सोडणार?"
"मग तू सोड नोकरी."
"घराचा हप्ता काय बोंबील भरणार?"

आई पलीकडून: "भांडा खुशाल. जोड्या नीट लावा, गळताहेत."

दोघंही जोड्या लावू लागलो. त्याची चूक नाही. माझीही नाही. म्हणूनच राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

१३ नोव्हें., गुरु.
पॅच मंजूर! सहाशे ओळी, देवधरांची चार मिनिटांत मंजुरी. म्हणजे वाचला नाही. तीन महिने अडवला तोही न वाचताच, आता सोडला तोही न वाचता. 'विशेष कामगिरी'बद्दल विचारलं तर म्हणाले, "मेसेज सुधारणं म्हणजे कामगिरी म्हणून दाखवायला जरा... समजून घे."
समजून घेतलं.

१८ नोव्हें., मंगळ.
सकाळी देवधरांचा फोन. स्वतःहून. "शुभांगी, अगं काय केलंस हे!"
काय मोडलं?
मोडलं नव्हतं. रोज निघणाऱ्या वेगाच्या तक्त्यात तीन चाचण्या एकदम झपकन वर. माझा पॅच गेला त्याच दिवसापासून.
"सर, मी फक्त मेसेज घातलेत."
"नम्रपणा पुरे. वर दाखवतोय मी हे. सवलतीचं झालंच समज."

आज पहिल्यांदा माझं नाव बरोबर घेतलं.

गिरीश तलासरीहून पेढे घेऊन आला. आईंनी महालक्ष्मीला नारळ बोलला. रात्री जेवताना तिघंही उगाचच हसत होतो. फार दिवसांनी.

१९ नोव्हें., बुध.
छापल्याने कुठलाही लूप जोरात पळत नाही. हे मला कळतं, देवधरांना कळायला हवं. दिवसभर टाळलं. दुसरी कामं काढली. फाइल उघडलीच नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
डहाणूत दिवसभर लाईट बंद, दुरुस्ती. गिरीशच्या मागे बाइकवर बसून तलासरीला गेले. त्याची शाळा पुढच्या पाड्यावर, दोन खोल्या. मला बसायला पोषण आहाराच्या तांदळाची खोली. पोत्यावर लॅपटॉप, फोनचं नेट. भिंतीपलीकडे गिरीश पाढे घेत होता. शिकवताना त्याचा आवाज वेगळाच असतो. आठ वर्षांत ऐकला नव्हता.

सापडलं. दुपारच्या सुट्टीआधीच.

मेसेजमध्ये 'हा लूप अमुक फेऱ्या मारणार' असं छापायचं म्हणून मी छापायच्या ओळीतच फेऱ्या मोजणारं फंक्शन बोलावलं. ते नुसतं मोजत नाही. मोजलेलं लक्षात ठेवतं. पुढच्या पायरीला तो आकडा आयता मिळतो आणि आधी नाकारलेला लूप ती पास करते. पण छापायच्या ओळी फक्त आमच्या 'घरच्या' बिल्डमध्ये, म्हणजे कंपनीत आम्हीच वापरतो त्या आवृत्तीत असतात. ग्राहकाला जातं त्यातून त्या गळून जातात, त्यांच्याबरोबर मोजणंही. म्हणजे वेग वाढला तो फक्त आमच्याकडे. आणि वेगाचा तक्ता काढणारं मशीन घरच्या बिल्डवर कुणी वळवलं? मीच. मेसेज नीट दिसावेत म्हणून, ऑक्टोबरात.

छापायच्या ओळीत काम करणारं काही घालायचं नाही, हे मी दरवर्षी नवीन पोरींना पहिल्या आठवड्यात सांगते. स्वतः घातलं.

येताना हायवेने आलो. चारोटीला चहाला थांबलो, तिथे गिरीशला सगळं सांगितलं. लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "हे कुणाकुणाला माहितीये?"
"मला. आता तुला."
"ग्राहकाचं काही बिघडतंय?"
"नाही. त्यांना फायदा नाही, इतकंच."
"मग २८ पर्यंत गप्प बस."

गणितात हातचा चुकला तर पोरांना पुन्हा मांडायला लावणारा माणूस. कपातला चहा तसाच ठेवून म्हणाला, "शुभा, मला परत एकटं राहायला जमणार नाही. साधी गोष्ट आहे." मग पैसे द्यायला उठला. मी बसून राहिले. मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं.

२४ नोव्हें., सोम.
देवधरांना फोन करून सांगितलं. आधी सगळं परत एकदा वदवून घेतलं. मग, "तक्ता वर जाऊन आलाय गं." म्हणजे त्यांचंही काहीतरी त्यावर टांगलेलं आहे.

पण पुढे म्हणाले ते चक्क शहाणपणाचं होतं. "फेऱ्या मोजणं छापायच्या ओळीतून काढ, खऱ्या कोडमध्ये घाल. मग ग्राहकालाही वेग मिळेल. खोटं काय राहिलं त्यात?"

खरंच की! मला का सुचलं नाही? घाबरलेलं डोकं चालत नाही, दुसरं काय. गिरीश घरात येता येताच सांगितलं, मार्ग निघाला. दारात चप्पल काढता काढता तसाच उंबऱ्यावर बसला. "जीव भांड्यात पडला," म्हणाला. उद्या करते.

२५ नोव्हें., मंगळ.
केलं. लूप पास होतात, वेग येतो. आणि एका चाचणीत उत्तर चुकतं. ही चाचणी ग्राहकाच्याच बिल्डवर चालते, म्हणून आधी दिसलं नव्हतं. विशिष्ट प्रकारच्या लूपमध्ये फेरी एक कमी मोजली जाते, शेवटचा आकडा बेरजेत येतच नाही. चार वेळा चालवलं, चारही वेळा तेच.

म्हणजे जुना नकार बरोबर होता. ज्याने हा भाग लिहिला त्याला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने मोजणं मुद्दाम बाहेर ठेवलं. आणि कुठेही एक अक्षर लिहून ठेवलं नाही. कधीच नोकरी सोडून गेलाय. शिव्या तरी कोणाला द्यायच्या?

देवधर: "एकच चाचणी ना? तात्पुरती बंद करून ठेव. १ तारखेला ग्राहकाकडे जाऊ दे. २८ होऊन जाऊ दे, मग शांतपणे बघू."
"सर, उत्तर चुकतंय."
"क्वचित चुकतंय."

आमच्या ग्राहकांतला एकजण हॉस्पिटलातली मशिनं बनवतो. हे त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे.

संध्याकाळी गिरीशने विचारलं, "झालं का?" म्हटलं, चालू आहे. तो आईंना पुढच्या उन्हाळ्यात मागची पडवी बंद करून खोली काढू म्हणून सांगत होता. छोटी खोली. कशासाठी ते कुणीच बोललं नाही.

२६ नोव्हें., बुध.
चाचणी बंद करायला एक ओळ लागते. ती लिहिली. पुसली. परत लिहिली.
देवधरांचा मेसेज: "झालं?"


२७ नोव्हें., गुरु.
ती ओळ पुसली. सकाळी साडेअकराला मेल पाठवला. देवधरांना एकट्याला नाही, पूर्ण टीमला, चाळीसेक जण. काय दिसलं, का दिसलं, चूक कुणाची (माझी, छापायच्या ओळीतही आणि खऱ्या कोडमध्येही), कुठली चाचणी, कुठला लूप, उत्तर कितीने चुकतं. बदल मागे घेतला. मेसेज तेवढे ठेवले, आता मोजणं वगळून. त्या जुन्या नकाराचं कारणही मेसेजमध्ये घातलं. आता त्या लूपपाशी आला की कंपायलर स्पष्ट सांगतो, फेऱ्यांचा आकडा भरवशाचा नाही म्हणून नाकारला. इतकं नेटकं मी आयुष्यात काही लिहिलं नसेल.

पाठवल्यावर लॅपटॉप मिटला. आई वाळलेले बोंबील मोजत होत्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला.

देवधरांचं उत्तर नाही. चाचण्या सांभाळणाऱ्या बाईंचं एक: "आभार. हा लूप का नाकारला जातो ते आम्ही दोन वर्षं शोधत होतो." रडू आलं, आणि रडू आलं याचाही संताप आला. एवढ्याशा वाक्यावर भागतं माझं.

२८ नोव्हें., शुक्र.
यादी आली नाही. सोमवारवर ढकलली. 'काही नावांवर चर्चा सुरू आहे.' देवधर फोन उचलत नाहीत.

गिरीश शाळेतून आला तो हेल्मेटसकट आत. "आलं का नाव?"
लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. मेल वाचला त्याने. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश, पोरांची वही वाचतो तसा. अख्खा मेल वाचणारा बहुतेक तोच पहिला. मी ओरड्याची वाट बघत होते.

ओरडला नाही. म्हणाला, "बरोबर केलंस. चुकीचं उत्तर जाऊ द्यायचं नव्हतंच." हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "चाळीस माणसांना कारण सांगितलंस, शुभा. मला सोमवारी मार्ग निघाला म्हणून सांगितलंस, आणि पुढे काहीच नाही. मी आईला खोलीचं बोलत होतो तेव्हाही तुला माहीत होतं."

हो, माहीत होतं.

आत्ता तो बाहेर आईंबरोबर काठ्या आवरतोय. त्याला विचारलं असतं तर तो थांब म्हणाला असता, आणि मी थांबले असते. म्हणून विचारलं नाही. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.