ठेकेदार वर्गात घुसला

मंगळवार, संध्याकाळ

दात हलतोय. जीभ सारखी तिथंच जाते.

माझ्या दहावीतल्या सुजातानं विद्यार्थ्यांच्या पर्यावरण पुरस्कारासाठी आमच्या माळावरच्या चोरट्या मुरूम उपशाचे फोटो पाठवले होते. आज निवड झाल्याचं कळलं, बक्षीस सोलापूरला मिळणार. वर्गात टाळ्या चालू असतानाच मुरूमवाला ठेकेदार आत घुसला.

"कुटं हाय ती फोटोवाली?"

मी आडवी गेले, तर त्यानं तोंडावर ठोसाच मारला. मग त्यानं सुजाताची वेणी धरली. तिनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, रक्त आलं तरी सोडेना. शिपायांनी त्याला कसाबसा बाहेर ओढला. माझ्या हातात काठी असती तर? मी त्याचं डोकं फोडलं असतं. खरंच फोडलं असतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तिचं नाव मागं घ्या. उद्या पोरीला काही झालं तर?" दात ठणकत होता.

तेवढ्यात सुजाताची आई खुरपणीवरून धावत आली. वाटलं, पोरीला शाळेतूनच काढेल. तिनं लेकीच्या ओठावरचं ठेकेदाराचं रक्त पदरानं पुसलं.

"बाई, सोलापूरला बक्षीस घ्यायला हिनं काय घालून जायचं वो?"