कानातली शिट्टी, समोरची पट्टी

४ मार्च
तीनदा केस धुतले, तरी जेल जात नाही! एकोणीस तारांची टोपी, प्रत्येक तारेखाली बोथट सुईने जेल — आणि एवढं सगळं कशासाठी, तर माझ्या कानातली शिट्टी मेंदूत कुठे वाजते ते बघायला. मला ती गेलेली हवी आहे, दिसलेली नको!

मला टोपी चढवणारी मुलगी गोड आहे, त्यामुळे भांडताही येत नाही. म्हणे, "सिस्टर, काहीच करायचं नाही. समोरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी वर जाईल असं नुसतं राहायचं. ती वर राहिली की शिट्टी कमी होते." नुसतं म्हणजे कसं? बावीस वर्षं नर्स आहे मी. नुसतं राहू दिलंय कुणी मला?

७ मार्च
पट्टी ढिम्म हलली नाही.

११ मार्च
मेट्रन जिन्यात भेटली. "कान बरा झाल्याचा कागद आण, दुसऱ्या दिवशी वॉर्ड देते." जशी काही मी हौसेने चादरींच्या खोलीत जाऊन बसले आहे! फाटक्या वेगळ्या, डागाळलेल्या वेगळ्या, उशांचे अभ्रे वेगळे. दिवसभर हेच. लहान बाळांच्याही शिरा एका फटक्यात सापडायच्या मला!

आणि पाठीमागे कुजबुज. सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा झटका येऊन गेले, त्या संध्याकाळी ड्यूटी माझी होती म्हणून. चार्टवर बीपी नॉर्मल आहे, माझ्याच अक्षरात! शिट्टी त्यानंतर आठवड्याने सुरू झाली. किती जणांना किती वेळा सांगायचं?

१४ मार्च
गेली वर! टोपीवाली टाळ्या पिटायला लागली. "सिस्टर, सगळ्या पेशंटमध्ये तुमची पट्टी सगळ्यात वर!"

शिट्टी? जशीच्या तशी. तिला म्हटलं, थोडी कमी वाटते. कागद हवा आहे ना.

१८ मार्च
नवरा म्हणतो, "काय, आज मेंदूला किती मार्क?" मी हसले नाही. मग म्हणाला, "तुझा जबडा दुखतो का गं? घास चावताना तोंड वाकडं करतेस." — "माझ्या जबड्याचं तू बघू नकोस!" ताट तसंच टाकून उठले. बिचाऱ्याने मुकाट्याने भांडी घासली. मला वाईट वाटलं.

२१ मार्च
सगळं पाण्यात! टोपीवालीने आज आलेख दाखवले. बारीक बारीक लाटा, आणि मध्येच काळाकुट्ट गचका. "ही मेंदूची लाट नाही, सिस्टर. तुम्ही दात आवळता. कानशिलाजवळच्या तारा जबड्याचे स्नायू पकडतात आणि पट्टी वर जाते." आतापर्यंतचं सगळं बाद!

असा संताप आला! हे आधी कुणी बघायचं होतं — मी? वाट्टेल ते बोलले. पोरगी रडवेली झाली. मग हळूच म्हणाली, "सुरुवातीला मी प्रश्न विचारते ना, तेव्हाही हा गचका येतो. दर वेळी. एकाच प्रश्नाला."

कुठल्या, ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. "शिट्टी कधीपासून आहे, ह्याला."

टोपी मी स्वतःच ओढून काढली. केसही निघाले थोडे.

२२ मार्च
कामावर गेले नाही. चादरी काय, कुणीही मोजेल.

२५ मार्च
मेट्रन बस म्हणाली, बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. शिट्टी त्या संध्याकाळच्या दोन महिने आधीपासून होती. आजोबांच्या दंडाला कफ बांधला, हवा सोडली, स्टेथोस्कोपमध्ये ठोका ऐकूच आला नाही — नुसती शिट्टी. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायला हवी होती. मी सकाळचाच आकडा पुन्हा लिहिला.