फोमचं कवच आणि मुका महिना

४ सप्टेंबर

कोऱ्या पानांनो! तुमचं आणि माझं दुःख आता एकच – सांगायला भरपूर आहे, पण आवाज काढायची परवानगी नाही.

घशातला फोड काढला. डॉक्टर म्हणाले, "एक शब्द नको. कुजबुज तर अजिबात नको." जिचा आवाज भोंग्याशिवाय क्रांती चौकापर्यंत जातो ती मी, गळ्यात पाटी अडकवून घरात फिरते आहे. साहेबराव खुशीत. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःची वाक्यं पूर्ण करताहेत.

पण खरं लागलंय ते वेगळंच. अशोक विजयादशमीला विहारासमोरच्या मैदानात दर वर्षी माझं भाषण असतं. आज समितीचा अध्यक्ष कडुबा येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही घशाला आराम द्या. यंदा डीजे लावू." डीजे! ज्या दिवशी सम्राटानं तलवार खाली ठेवली त्या दिवशी डीजे! पाटीवर लिहिलं – 'नाटिका. कलिंग जिंकल्यावर अशोक सगळ्यांसमोर कवच उतरवतो. संवाद माझे. अशोक – प्रेरणा.' प्रेरणा माझी लेक, इंजिनिअरिंगला आहे, आवाज माझ्यावर गेलाय. माझा घसा बंद तर तिचा चालू!

कडुबानं मान खाजवली. "दहा मिनिटं देतो. कवच भाड्यानं आणू, पौराणिक नाटकांच्या कपडेवाल्याकडून."

'नाही' इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली. चमकी लावलेला अशोक मला नको. कवच मी करणार.

कसं करतात ते मात्र ठाऊक नाही.

६ सप्टेंबर

प्रेरणानं मोबाइलवर दाखवलं – लोक योगाच्या चटईसारख्या फोमचं कवच करतात. तापवलं की वाकतं, रंगवलं की लोखंड वाटतं. गुलमंडीच्या मागे फोमचं दुकान आहे, तिथं गेले. पाटी बघून दुकानदार म्हणाला, "मॅडम, योगा करना है के कुश्ती?" लिहिलं – कवच. "किसके वास्ते?" लिहिलं – सम्राट अशोक. त्यानं गंभीरपणे टेप काढला. "साइज क्या है उनका?"

हसायलाही बंदी आहे मला! डोळ्यांतून पाणी आलं.

७ सप्टेंबर

विद्यापीठामागच्या लेण्यांत जाऊन बघून आले, कवच दिसतं का. बोधिसत्त्वांच्या अंगावर दागिने आहेत, मुकुट आहेत. कवच एकाच्याही नाही. बरोबरच आहे म्हणा!

९ सप्टेंबर

लेकीला मम्मी केलं – म्हणजे ती इजिप्तची. अंगाला आधी प्लास्टिक गुंडाळलं, वरून चिकटपट्टी, वर पेननं रेघा. मग पाठीमागून कापून साल काढल्यासारखं उतरवायचं. ते तुकडे सपाट केले की फोम कापायचं माप तयार. शेजारच्या भामाबाई दारात उभ्या. "काय गं, पोरीचं लोणचं घालती व्हय?"

१२ सप्टेंबर

दोन्ही खांदे डाव्या बाजूचे कापले! साहेबराव म्हणाले, "विचारांनी बरोबर हाय की तुझं, मापानं चुकलं."

उशी फेकून मारली. बोलता येत नाही, पण नेम चांगला आहे.

१४ सप्टेंबर

पावसाची झड. फोम चिकटवायचं रबराचं सोल्युशन वाळत नाही. दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग जोडायचं – असं डब्यावर लिहिलंय. मी थांबले नाही. छातीचा तुकडा दुपारी सुटून डाळीत पडला. डॉक्टर आणि सोल्युशनचा डबा, दोघांचं एकच – थांबा! मला थांबायला कुणी शिकवलंच नाही. माझ्या आयुष्यात जे काही झालं ते न थांबल्यानं झालं.

वासानं घसा खवखवला. साहेबरावांनी मला, डब्याला आणि पंख्याला पत्र्याखाली गच्चीवर हलवलं. आता इथंच माझं राज्य.

१७ सप्टेंबर

आज मजा आली! साहेबरावांनी चितेगावच्या कंपनीतून हीट गन मागून आणली. गरम हवा लागली की फोम चकचकतो, मऊ पडतो. तो गुडघ्यावर दाबून धरायचा, गार होईपर्यंत हलायचं नाही. सोडला – आणि खांदा! वाकलेला, उभारी असलेला खरा खांदा. माझ्या हातून! आजवर मी हवेत शब्दच केले. दुसऱ्या दिवशी बघायला गेलं तर त्यातला एकही जागेवर नसायचा. हा खांदा मात्र सकाळी उठून पाहिला तरी इथंच असेल.

१९ सप्टेंबर

पांढऱ्या डिंकाचे हात, मग काळा रंग, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडांना रुपेरी. भामाबाईंनी बोटानं टकटक करून बघितलं. "अगं, हे तर गादीवाणी हाय!" लोखंड समजल्या होत्या. दिवसभर याच आनंदात.

रात्री अशोकाचं भाषण पुरं केलं. अडीच पानं. माझ्या सगळ्या भाषणांत उत्तम. यंदा ते मैदानाला ऐकू जायलाच हवं – माझ्या नाही तर लेकीच्या तोंडून.

२० सप्टेंबर

काय केलं मी हे!

बसायला घट्ट हवं म्हणून प्रेरणाच्या अंगावरच चढवून दोन्ही कुशींच्या कडा चिकटवल्या. यावेळी पूर्ण थांबून, नीट. झकास बसलं. कडुबाला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, शंभर नंबरी!" भामाबाईंनी दृष्ट काढली. साहेबरावांनी फोटो काढले.

मग प्रेरणा म्हणाली, "मम्मी, आता काढू कसं?"



डोक्यावरून निघेना, खालून निघेना. साऱ्या नाटिकेचा जीव काय? कवच उतरवणं! आणि मी बंद डबा बनवला. रूप बघत बसले, लोखंड दिसतं का, बाक येतो का. अशोकानं ते काढायचं आहे हेच विसरले!

"आता पोरगी यातच नांदवायची का?" – भामाबाई.

शेवटी कटरनं, आत हात घालून, इंच इंच कूस फाडली. प्रेरणा श्वास धरून उभी. माझ्या इतक्या दिवसांच्या कामावर मीच पातं चालवलं. वाईट वाटलं. पण ती बाहेर आली, घामानं चिंब, खदाखदा हसत. मग नाही वाटलं.

२२ सप्टेंबर

फाटल्या जागी चपलेला असते तशी काटेरी चिकटपट्टी लावली. विहारात तालीम. प्रेरणा भाषणाच्या ऐन रंगात – "हे रक्त माझ्या विजयाचं नाही, माझ्या पराभवाचं आहे!" – आणि पट्टी ओढली. माईकमधून चर्र्र्र! लहान पोरं हसून लोळली. मोठेही हसले. कडुबा तोंड फिरवून हसला, ते जास्त लागलं.

२३ सप्टेंबर

पट्टी काढली. दोन्ही कुशींना भोकं पाडून कातडी नाड्या ओवल्या. आवाज नाही. दिसायलाही खरं. पण नाडीच्या गाठी बगलेखाली, प्रेरणाचा हात पोचत नाही. अशोकाला स्वतःचं कवच स्वतः काढता येत नाही!

तिनं सरळ सांगितलं, "मम्मी, भाषण काढ. कुणीतरी येऊन नाड्या सोडू दे."

लिहिलं – 'भाषण राहील.'

"अडीच पानं? एवढं बोलणारा माणूस कवच काढतो कशाला? बोलून बोलून तोच लढाई जिंकेल. हे अशोकाचं नाही, मम्मी. तुझं आहे."

पाटी पुसली नाही. तशीच टेकवून गच्चीवर आले.

२४ सप्टेंबर

अडीचचं दीड पान केलं.

अर्धं केलं.

"पराभवाचं" ते वाक्य तरी ठेवू? प्रेरणा म्हणते, "बघ तूच."

२५ सप्टेंबर

तेही काढलं. दिवसभर कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढून नेल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी हलकं वाटलं. आता असं – कलिंगातली एक बाई येते, जिचं सगळं गेलं. तीच गाठी सोडते. शब्द नाही.

बाई कोण? भामाबाई म्हणाल्या, "मला नगं. मला लोकांत हसू येतं." प्रेरणानं माझ्याकडे बघितलं. "तू ये ना. तुला तसंही बोलायचं नाही."

२६ सप्टेंबर

डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. दारात साहेबराव, प्रेरणा, कडुबा, सगळे वाट बघत. "काय म्हणाले?" कडुबा तर म्हणाला, "आवाज सुटला असंल तर सांगा ताई, नाटक राहू द्या, भाषणच ठेवतो. माईक तुमचाच."

पाटीवर लिहिलं – 'दसऱ्यानंतर.'

प्रेरणानं नाड्या पुन्हा ओवायला घेतल्या.

२ ऑक्टोबर

झालं.

मैदान भरलं होतं. फुलंब्रीकडूनही माणसं आली होती. नेहमीसारखा गलका – पोरं, फुगे, वडापाव. प्रेरणा उजेडात आली आणि पुढची पोरं ओरडली, "ओ, लोखंड!" मनातून खूश झाले, खोटं कशाला सांगू.

मी पांढऱ्या लुगड्यात निघाले. पायाखाली पोरं मेल्यासारखी पडलेली. त्यातल्या एकानं डोळा उघडून मला बघितलं आणि पुन्हा मेला. डाव्या कुशीच्या गाठी सुटल्या. उजवीकडची सुटेना. घामानं नाडी आवळली होती. नखानं ओढली, नाही. दातानं धरली. माईकवर फक्त आम्हा दोघींचे श्वास. मैदान गप्प होत गेलं – आधी पुढचे, मग मागचे, मग वडापाववालासुद्धा. इतकी वर्षं मी या मैदानाला "शांत बसा" म्हणून ओरडत आले!

गाठ सुटली. कवच उघडलं. आत माझी लेक, साध्या सुती सदऱ्यात, लहानशी. तिच्या ओठांवर 'मम्मी' आलं, पण तिनं गिळलं. कवच माझ्या पायाशी ठेवलं. फोम तो, पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

टाळ्या उशिरा आल्या. तेच चांगलं.

परत येताना भामाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "सुलेखा, यंदाचं भाषण लई आवडलं बाई."

३ ऑक्टोबर

सकाळी साहेबरावांना म्हणाले, "चहा ठेवा." त्यांनी ठेवला. मग दचकून वळले.

पानांनो, एक तुम्हालाही सांगितलं नव्हतं. २६ तारखेला डॉक्टर म्हणाले होते, "घसा छान झालाय. बोला आता. दसऱ्याला भाषणसुद्धा करा." 'दसऱ्यानंतर' हे डॉक्टरांचं नव्हतं, माझं होतं.

तुम्ही मुकी आहात, तशीच राहा. प्रेरणाला हे सांगू नका.